बाराचे ठोके

मंगळवारी बाराला आठ मिनिटं कमी असताना मनोऱ्यावरची घंटा वाजली, आणि एल्डनकाकांनी गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून वस्तरा टाकला. दोन ठोके, जरा थांबून तीन. तेवीस नंबरची आगीची पेटी, म्हणजे धक्का. आमच्या टॅनर्स पॉइंटला पगारी बंबवाले नाहीत. ज्याला घंटा ऐकू येते तो हातातलं काम टाकून धावतो, आणि गावचा न्हावी तोच बंबाचा चीफ. काका पांढऱ्या डगल्यातच सुटले. कोळी जाळी टाकून धावले, बँकेतला कारकून टोपी न घेता धावला, सार्डिनच्या कारखान्यातल्या बायका हातातल्या कात्र्यांसकट फाटकात आल्या. बंबाला शिव्या घालत, धुक्यात एकमेकांवर आपटत सगळी वरात धक्क्यावर पोचली. तिथे आग कसली नि काय! पेटीच्या टपावर एक समुद्रपक्षी पंख वाळवत बसला होता, तो तेवढा कंटाळून उडून गेला.

"हार्लन!" काका मनोऱ्याकडे तोंड करून गरजले. "अरे, घड्याळ आहे ना तुझ्याकडे, का तेही समुद्रात बुडवून आलास?"

सगळे हसले. लिओटा हसली नाही. ती नवऱ्याचा, हार्लनचा, जेवणाचा डबा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. महिन्यातली ही तिसरी खेप. आधी एकदा बारा वाजून दहा मिनिटांनी, एकदा चक्क पावणेबाराला.

आता हे समजायला हवं की घंटा वाजवण्यात हार्लनची चूक नव्हती. रविवार सोडून रोज वाजवायचीच असते. मनोऱ्याच्या माडीवर आगीच्या घंटेचा बोर्ड आहे, माणसाच्या उंचीचा, पांढऱ्या संगमरवराचा, त्यावर पितळी खटके आणि वीज मोजणारे चार काटे. गावातल्या रस्त्यांवरच्या सगळ्या लाल पेट्यांच्या तारा तिथे येतात. तारा शाबूत आहेत, घंटेचा हातोडा नीट उचलला जातो आहे, हे बघायला रोज एका पेटीची पाळी. तिच्या नंबराची दातेरी चकती फिरकीवर चढवायची, खटका सोडायचा, की तोच नंबर घंटेवर पडतो, अगदी खरी आग लागल्यासारखा. खऱ्या ठोक्यांत आणि चाचणीच्या ठोक्यांत तसूभर फरक नाही. फरक एवढाच, की चाचणी बरोबर बाराला. बाराला वाजली की जेवायचं, एरवी वाजली की धावायचं. गावात रांगणाऱ्या पोरालासुद्धा हे कळतं. आणि हार्लन स्पर्लिंगला, ज्याचा हात या बोर्डावर वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून बसलेला, त्याला म्हणे कळत नव्हतं.

लिओटा माडीवर गेली तेव्हा तो खिडकीशी उभा होता. कपाळ काचेला टेकलेलं. तिची चाहूल लागली तसा वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून ती डबा ठेवायचं विसरली. लढाईवरून आल्यापासून दीड वर्षात त्याला इतकं निवांत तिने पाहिलं नव्हतं.

"धावले," तो हळूच म्हणाला. "पाहिलंस? सगळे धावले. तो लंगडा पर्लीसुद्धा."

"अरे, धावणार नाहीत तर काय करतील? घंटा वाजली ना!"

"तेच तर," हार्लन म्हणाला.

मागोमाग जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि एल्डनकाका दारात आले. धाप लागलेली, डगल्यावर चिखल.

"पाय हळू टाका काका," हार्लन म्हणाला. "मागच्या खोलीतल्या बरण्या हलतील."

"बरण्या गेल्या खड्ड्यात! पुतण्या आहेस म्हणून दोनदा ऐकून घेतलं. आज कारखान्यातल्या बायकांनी जेवणाची सुट्टी समजून भट्ट्यांकडे पाठ फिरवली, मासळीचा एक अख्खा घाणा करपला. मॅनेजर माझ्या डोक्यावर बसलाय. आणि उद्या लोक धावायचेच बंद झाले तर? मग खऱ्या आगीला कोण, तू जाणार एकटा?"

हार्लन बोर्डाकडे वळला. त्यावरचा एक काटा धुक्यामुळे किंचित थरथरत होता, त्याच्याकडे बघत राहिला.

"शुक्रवारी मी खाली चौकात घड्याळ हातात घेऊन उभा राहणार," काका म्हणाले. "बाराच्या आधी नाही, नंतर नाही. मिनिट चुकलं की किल्ल्या टेलिफोन ऑफिसातल्या कोल्बीला देईन. मग मला काका म्हणू नकोस." जाताना ते लिओटाकडे बघून आवाज उतरवून म्हणाले, "सांभाळ गं याला. माझ्याने आता होत नाही."

सांभाळ म्हणे! जसं काही ती दीड वर्ष दुसरं काही करत होती.

लढाईच्या तीन वर्षांत हा बोर्ड लिओटाने एकटीने चालवला होता. एकदाही काटा पडला नाही, एकदाही ठोका चुकला नाही. हार्लन परतला तेव्हा कुणी तिला विचारलं नाही, तिनेही तोंड उघडलं नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि स्वयंपाकाला लागली. वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोला. पण हार्लन परतला तो बिछान्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून चार महिने पडून राहिला. दाढी करायची तिने, घास भरवायचा तिने. पुढे एका सकाळी तिने त्याला हाताला धरून, रात्रीच्याच कपड्यांत, या माडीवर आणून बसवलं. त्याने एक खटका बोटाने चाचपला. "हा सैल झालाय," म्हणाला. चार महिन्यांतलं पहिलं वाक्य. त्या दिवसापासून तो रोज उठत होता. बोर्ड गेला तर तो पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करणार, आणि या खेपेला त्याला उठवायला तिच्याकडे काही उरणार नव्हतं. किल्ल्या गेल्या तर तिचा नवरा गेला, इतका सरळ हिशोब होता तो.

बुधवारी हार्लनने बारा वाजून चार मिनिटांनी घंटा दिली. काका सलूनच्या दारात कमरेवर हात ठेवून नुसते बघत राहिले.

गुरुवारी सकाळी ती ठरवून माडीवर गेली. गुरुवार बरण्यांचा. बोर्डाच्या मागच्या खोलीत फळ्यांवर ओळीने शंभरेक काचेच्या बरण्या आहेत. गावाच्या तारांत जी वीज वाहते ती त्यांच्यातून येते. प्रत्येकीच्या तळाशी मोरचुदाचं गर्द निळं पाणी, वर स्वच्छ पाणी, त्यात जस्ताचा पंजा लोंबकळतो. निळं आणि पांढरं एकमेकांत मिसळायचं नाही, आपापल्या जागी नुसतं टेकून राहायचं. धक्का लागला की निळं वर चढतं आणि जस्त काळं पडतं. म्हणून त्या खोलीत शिरताना सगळे बूट काढतात आणि हळू बोलतात. त्या दिवशी बाहेर धुकं इतकं दाट होतं की खिडकीत गाव नव्हतंच. खोलीत निळसर उजेड भरून राहिला होता. कुठेतरी तारांच्या यंत्रातली एक बारीक हातोडी टिक करायची, पुन्हा गप्प. दोघं मोज्यांवर चालत, एकेका बरणीत नळीने पाणी सोडत होती. लिओटाला वाटलं, आपण दोघंच कुठल्यातरी तळ्याच्या तळाशी आहोत आणि वरची माणसं आपल्याला विसरून गेली आहेत. तिला ते आवडलंही. हे असंच चालू राहावं, उद्याचा शुक्रवार उगवूच नये.

पण शुक्रवार कुणासाठी थांबलाय?

"हार्लन," ती म्हणाली, "मला एक सांग. बाराला वाजवत का नाहीस?"

त्याने नळी चिमटीत दाबून धरली. पाणी थांबलं.

"चौथ्या ओळीतली तिसरी बघ," तो म्हणाला. "निळं वर आलंय."

"बघते. आधी सांग."

ती पुढच्या बरणीकडे गेली नाही. अडलं की तिला असं नुसतं उभं राहता येतं, माहेरच्या माणसांनी तिला त्यावरून खेचर म्हटलेलं आहे.

"बोटीवर पण बाराला असायची," शेवटी हार्लन म्हणाला. "धोक्याच्या घंटेची चाचणी. बोर्ड माझ्याकडे होता. रोज बाराला मी बटण दाबायचो. सुरुवातीला पोरं उड्या मारून उठायची. मग महिनाभराने उठेनात. मग तर घंटा झाली की ताटं घेऊन रांगेत. म्हणायची, हार्लनने जेवायला बोलावलं."

"मग?"

"त्या दिवशी मी खालच्या मजल्यावर शिडीवर होतो. एक तार सुटली होती. हातात पेचकस. वर जायला उशीर झाला होता, आणि तेवढ्यात घंटा वाजली. मी दाबलीच नव्हती, लिओटा." त्याने तिच्याकडे पाहिलं. "मी मनगटावर पाहिलं. बारा वाजले होते बरोबर. मला वाटलं, बरं झालं, माझ्याऐवजी कुणीतरी वाजवली. आणि मी पुन्हा पेच आवळायला लागलो. मी. ज्याची घंटा, तो मी."

लिओटाने हातातलं भांडं जपून खाली ठेवलं.

"टॉर्पीडो यायला दोन मिनिटं होती. दोन मिनिटांत माणूस डेकवर पोचतो. जेवणाच्या खोलीत अकरा जण होते. वाटाण्याचं सूप होतं. एकही उठला नाही." तो अगदी सपाट आवाजात बोलत होता, जणू काट्याचे आकडे वाचून दाखवतो आहे. "मी इथे बाराला घंटा देतो ना, तेव्हा खिडकीतून दिसतं. कुणी मान वर करत नाही. सगळं गाव ताटं घेऊन बसलेलं. मग मी जरा मागेपुढे करतो. मग धावतात. ते धावले की मला झोप लागते."

आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं, पण आला तो राग. त्या अकरा जणांचा नाही, काकांचा नाही, कुणाचा तेही कळेना. दीड वर्ष हा माणूस आपल्या शेजारी निजला आणि हे त्याने एकट्याने ओढलं. तिने त्याची बाही घट्ट धरली.

"हे काकांना सांग."

"नाही."

"मी सांगते."

"सांगितलंस तर मी समुद्रात जाईन," हार्लन म्हणाला, आणि ते धमकीसारखं म्हणाला नाही, म्हणून ती जास्त घाबरली.

मग तिने तेच केलं जे कुठलीही बायको करेल. विनवण्या केल्या. म्हणाली, "एक शुक्रवार. माझ्यासाठी. तू मला या खोलीत हवा आहेस, त्या बिछान्यात नको. माझ्यात आता तेवढी ताकद नाही रे. खरंच नाही." तो ऐकत राहिला. मग चौथ्या ओळीतल्या तिसऱ्या बरणीजवळ गेला, चढलेलं निळं पाणी नळीने अलगद ओढून घेतलं, आणि मान हलवली. हो म्हणून.

शुक्रवारी धुकं विरलं. चौक स्वच्छ दिसत होता, आणि चौकाच्या मध्यभागी एल्डनकाका हातात घड्याळ घेऊन पुतळ्यासारखे उभे. लिओटा माडीवरच थांबली. तिने टेबलावर ब्राऊन ब्रेड काढला, लोणी काढलं. सगळं रोजच्यासारखं दिसावं असं तिला वाटत होतं. हार्लनने सव्वीसची चकती चढवली. कपड्याने हात पुसले. चारही काटे तपासले, ओठांतल्या ओठांत आकडे म्हटले. मोठ्या घड्याळाचा काटा सरकला आणि त्याने खटका सोडला.

दोन ठोके. जरा थांबून सहा. माडीच्या फळ्या पायांखाली थरथरल्या. पुन्हा दोन, पुन्हा सहा. अगदी बाराला. मिनिट इकडे नाही, तिकडे नाही.

खाली काकांनी घड्याळ मिटून खिशात टाकलं आणि वर बघून हात केला. चांगला, मायेचा हात. मग जेवायला निघून गेले.

"झालं!" लिओटा म्हणाली. तिला इतकं हलकं वाटलं की हसायलाच आलं. "झालं की नाही? ये, बस. किल्ल्या आपल्याच."

हार्लन खिडकीशी होता. "धक्क्यावर चौघं," तो म्हणाला. "कारखान्याच्या फाटकात आठ-नऊ बायका. बँकेच्या पायरीवर दोघं. एकानेही वर पाहिलं नाही."

"बाराची होती ना रे ती. चाचणी."

तो वळला. तिच्याकडे नाही, तिच्या हातांकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. तिच्या उजव्या हातात सुरी होती. ब्रेडच्या चार चकत्या कापून झाल्या होत्या, पाचवी अर्ध्यावर होती. दोन आणि सहा पडत असताना, फळ्या थरथरत असताना, त्या अकरा जणांची गोष्ट काल स्वतःच्या कानांनी ऐकलेली असताना, ती ब्रेड कापत होती. तोंडात मारल्यासारखं झालं तिला.

हार्लन येऊन बसला, दोन घास खाल्ले. त्या संध्याकाळी घरी आल्यावर तो बूट न काढताच बिछान्यावर आडवा झाला आणि भिंतीकडे वळला.

लिओटा सकाळपर्यंत जागीच होती असं नाही, दमलेलं माणूस झोपतंच. पण झोपेतही तिला ते निळं पाणी दिसत राहिलं, काठोकाठ चढत चाललेलं. शनिवारी उजाडता तिने त्याला उठवलं. चार महिन्यांची सवय होती, हात विसरले नव्हते. त्याला माडीवर पोचवून ती म्हणाली, "मी आज वर थांबत नाही. घरी बीन्सचं मडकं चढवायचंय. तू बाराला घंटा दे. बरोबर बाराला. आणि खिडकीशी उभा राहा."

"कशाला?"

"सांगितलं ना, उभा राहा."

बाराला पाच मिनिटं असताना ती ॲप्रनवरच येऊन चौकात सलूनसमोर उभी राहिली. शेजारची आयडेला कारखान्यातून जेवायला निघाली होती, ती थांबली. "काय गं, कुणाची वाट बघतेस?"

"घंटेची."

"घंटेची कसली वाट बघायची? ती काय चुकतेय आता? तुझा नवरा वठणीवर आला म्हणे काल!"

लिओटा मनोऱ्याकडे बघत राहिली. ठोका पडला. दोन. ती मोजत होती, लहानपणी मोजायची तशी, बोटांवर. जरा थांबून सात. सत्तावीस. चर्चच्या चढावरची पेटी. बघा नशीब, सगळ्या गावात तोच एक चढ असा आहे की घोडेसुद्धा तिथे विचार करतात! तिने ॲप्रनचा सोगा कमरेत खोचला आणि पळत सुटली.

"अगं!" आयडेला ओरडली. "अगं लिओटा, कुठे?"

"सत्तावीसला!"

"अगं, बाराची आहे ती! चाचणी आहे!"

"माहितीय मला!" लिओटा ओरडली, आणि थांबली नाही.

सलूनच्या दारात एल्डनकाका सँडविच हातात धरून बघत राहिले. बँकेच्या पायरीवरचे दोघं हसले, एकाने शीळ घातली. चाळिशीला आलेली बाई, कोण पाठीमागे नाही, कोण पुढे नाही, जीव खाऊन चढ चढतेय. बूट निसटला तो तिने हातात घेतला. छातीत कळ यायला लागली. तिला लाज वाटत होती, भरपूर वाटत होती, पण पाय काही लाजेला विचारून पडत नव्हते. तिच्या डोळ्यांसमोर एक लांबलचक टेबल होतं आणि त्यावर अकरा ताटं होती, आणि तिला एवढंच वाटत होतं की पोचायला हवं, कुणीतरी एकाने पोचायला हवं.

पेटीला तिने दोन्ही हातांनी मिठीच मारली. लाल पत्रा थंडगार होता. मग ती वळली. खाली मनोऱ्याची खिडकी दिसत होती आणि खिडकीत हार्लन उभा होता. त्याने हात केला नाही. नुसता उभा होता, पण सरळ उभा होता, कपाळ काचेला न टेकवता.

ती लंगडत परत आली आणि माडी चढली तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. हार्लन टेबलाशी बसून नोंदवही लिहीत होता. रोज चाचणी झाली की लिहायचं असतं: वेळ, पेटी, तारांचे आकडे. शेवटचा रकाना असतो, "कोण पोचले". तो खऱ्या आगीसाठी. चाचणीला तो कोराच सोडायचा, तिनेही तीन वर्षं कोराच सोडला होता. त्याने वही तिच्याकडे सरकवली. वेळ बारा. पेटी सत्तावीस. तारा ठीक. आणि शेवटच्या रकान्यात, त्याच्या शाळकरी अक्षरात: लिओटा स्पर्लिंग, सहा मिनिटांत.

"सहा फार झाली," हार्लन म्हणाला. "दोनच असतात."

"चढ होता," लिओटा म्हणाली आणि खुर्चीवर कोसळली. "सोमवारी कुठली आहे?"

"अठ्ठावीस. दीपस्तंभाकडची."

"मेले," ती म्हणाली. तो हसला, आणि मग बराच वेळ रडला. ती त्याचं डोकं पोटाशी धरून बसली. मागच्या खोलीत एक हातोडी टिक करून गप्प झाली. सोमवारी बाराला पाच मिनिटं असताना ती चौकात येऊन उभी राहिली, तेव्हा तिने पायात हार्लनचे बूट घातले होते. नाडी घट्ट बांधली की निसटत नाहीत.